ब्रेथ अ‍ॅनालायझर ते 'सीए रिपोर्ट': दारू आणि ड्रग्ज टेस्टच्या आकड्यावर लक्ष कुणाचं?

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. माझा रूममेट रात्री बाइकवरून घरी येत होता, पुढे नाकाबंदी. त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, त्यामुळे बिनधास्त फुंकर मारली. स्क्रीनवर आकडा आला ६२. कायद्याची मर्यादा ३०. हवालदारांनी शांतपणे गाडीची चावी काढून घेतली आणि हा रस्त्यातच घामाघूम. मग आठवलं, दोनच मिनिटांपूर्वी कोपऱ्यावर थांबून त्याने होमिओपॅथीचे थेंब जिभेवर घेतले होते. ते थेंब अल्कोहोलमध्येच बनवलेले असतात. बरीच विनवणी केल्यावर वीस मिनिटांनी परत फुंकायला दिलं. या वेळी आकडा होता शून्य.

मजा म्हणजे यंत्र दोन्ही वेळा बरोबर होतं. पहिल्या वेळी त्याने तोंडातलं अल्कोहोल मोजलं, दुसऱ्या वेळी फुफ्फुसातून आलेली हवा. चूक होती ती पद्धतीत. म्हणून तर जगभरच्या नियमावल्यांमध्ये फुंकायच्या आधी १५ मिनिटं थांबायचं, त्या वेळात काही खायचं-प्यायचं नाही आणि त्या माणसावर नजर ठेवायची असं लिहिलेलं असतं. यंत्र कुणी मंजूर केलं, ते कधी तपासलं, रक्ताची कुपी कुठे ठेवली, प्रयोगशाळेत कुणी काय केलं, या सगळ्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नियमांमुळेच स्क्रीनवरच्या आकड्याला किंमत येते. आज तेच नियम समजून घेऊ.

यंत्र नक्की काय मोजतं?

तुम्ही प्यायलेली दारू पोटातून आणि आतड्यातून रक्तात जाते. रक्त फुफ्फुसात आलं की त्यातलं थोडं अल्कोहोल श्वासाच्या हवेत मिसळतं. बहुतेक यंत्रं असं धरून चालतात की २१०० मिलिलिटर खोल श्वासात जेवढं अल्कोहोल असतं, तेवढंच १ मिलिलिटर रक्तात असतं. म्हणजे यंत्र रक्त मोजत नाही. ते श्वास मोजतं आणि गुणाकार करून रक्ताचा आकडा दाखवतं. हे २१०० चं प्रमाण प्रत्येक माणसात अगदी तेवढंच नसतं, शरीराच्या तापमानानेही थोडं हलतं. सरासरी म्हणून ते स्वीकारलं गेलंय, एवढंच.

नाकाबंदीवरच्या हातातल्या यंत्रात सहसा फ्युएल सेल असतो. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होऊन अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड तयार होतं आणि त्यात वीज निर्माण होते. जितकी वीज जास्त, तितका आकडा मोठा. हा सेल वापरून वापरून मंदावतो, म्हणून त्याला ठरावीक काळाने माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू देऊन पुन्हा जुळवावं लागतं. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. किराणा दुकानातल्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो ना, कल्पना तीच.

कायद्यात काय लिहिलंय

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १८५ बहुतेकांना ऐकून माहीत असतं: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवली तर गुन्हा. पहिल्यांदा सापडलात तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. ही दंडाची रक्कम २०१९ च्या दुरुस्तीत वाढली. त्याच दुरुस्तीत अजून एक छोटीशी भर पडली जिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. आधी कलमात फक्त ब्रेथ अ‍ॅनालायझरचा उल्लेख होता, आता प्रयोगशाळेतल्या चाचणीचाही आहे.

आपल्या विषयासाठी खरी महत्त्वाची कलमं मात्र २०३ आणि २०४. कलम २०३ नुसार श्वासाची चाचणी म्हणजे केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून मान्य केलेल्या प्रकारच्या यंत्राने केलेली चाचणी. कुठलंही ऑनलाइन मागवलेलं यंत्र चालत नाही. कलम २०४ रक्ताबद्दल आहे. यंत्राने अल्कोहोल दाखवलं, किंवा संधी देऊनही अटक झालेल्या माणसाने फुंकायला नकार दिला, तर पोलीस त्याला नोंदणीकृत डॉक्टरकडे रक्ताचा नमुना द्यायला सांगू शकतात. हे रक्त तपासणारी प्रयोगशाळा केंद्र किंवा राज्य सरकारने स्थापन केलेली, चालवलेली किंवा मान्यता दिलेली असली पाहिजे. गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट इथे उपयोगाचा नाही. महिलेचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल तर दुसरी महिला हजर असावी लागते. आणि या गुन्ह्यात अटक केली तर २ तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडून द्यावं लागतं. ही २ तासांची अट कलम २०२ मध्ये आहे.

"मग मी फुंकणारच नाही" असं म्हणणारा एक हुशार मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याच्यासाठी कलम २०५ आहे. सबळ कारण नसताना नकार दिला तर तो नकारच तुमच्या विरोधात पुरावा म्हणून वापरता येतो.

महाराष्ट्रात याच्या जोडीला राज्याचा दारूबंदी कायदा, १९४९ आहे. त्यात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के हा वेगळा आकडा आहे. तेवढं किंवा त्याहून जास्त अल्कोहोल रक्तात सापडलं, की 'मी औषधच घेतलं होतं' वगैरे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. दोन कायदे, दोन आकडे, दोन उद्देश. गोंधळून जाऊ नका, गाडीसाठी ३० च लक्षात ठेवा.

रक्ताच्या कुपीचा प्रवास

आता तो भाग, जिथे सगळ्यात जास्त गडबड होऊ शकते.

या दारूबंदी कायद्याखाली १९५९ साली वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीचे नियम बनवले गेले. ते वाचताना मला एखाद्या जुन्या पण नीट लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनची आठवण झाली. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. त्वचा पुसायला स्पिरिट वापरायचं नाही, रक्त काढताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. (विचार करा, दारूच्या टेस्टसाठी रक्त काढायचं आणि आधी स्पिरिटचा बोळा फिरवायचा!) शिरेतून किमान ५ सीसी रक्त घ्यायचं. कुपीत रक्त गोठू न देणारं आणि टिकवून ठेवणारं द्रव्य आधीच असलं पाहिजे, ती जोरात हलवायची, लेबल लावायचं, लाखेने सील करून त्यावर डॉक्टरचा शिक्का मारायचा. आणि रक्त काढल्यापासून ७ दिवसांच्या आत ते तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे पोचलं पाहिजे.

टिकवणारं द्रव्य कशासाठी? रक्त ही जिवंत गोष्ट आहे. कुपी गरम जागी पडून राहिली तर त्यातले सूक्ष्मजीव साखर आंबवून स्वतःच अल्कोहोल तयार करू शकतात. उलट झाकण सैल असेल तर असलेलं अल्कोहोल उडूनही जातं. एकात निर्दोष माणूस अडकतो, दुसऱ्यात दोषी सुटतो. सोडियम फ्लोराइड घातलं की सूक्ष्मजीवांचं काम थांबतं. तुमच्या लॅब टेस्टच्या वेळी करड्या झाकणाची छोटी ट्यूब पाहिली असेल, तिच्यात हेच असतं.

हा प्रश्न पुस्तकी नाही. 'उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा १९६३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल याच मुद्द्याभोवती फिरतो. ड्रायव्हरच्या रक्ताचा रिपोर्ट होता, आकडा होता. पण रक्त काढल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ती कुपी कुणाच्या ताब्यात होती, कशी ठेवली होती, याचा पुरावाच समोर आला नव्हता. साठ वर्षांपूर्वी, फ्रीज ही चैनीची वस्तू असताना, आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात कुपीच्या साठवणुकीवर एवढा खल झाला होता.

त्याच्या उलट बाजूचा निकाल १९७१ चा. महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या खटल्यात डॉक्टरने चालकाच्या तोंडाला दारूचा वास आल्याचं सांगितलं होतं, पण रक्त किंवा लघवी तपासलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या वासावरून तो नशेत होता हे मान्य केलं नाही. म्हणजे प्रयोगशाळा टाळूनही चालत नाही, आणि प्रयोगशाळेत पाठवायचं तर वाटेतला प्रत्येक हात नोंदवावा लागतो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा ऑडिट लॉग. कुणी, कधी, कुठून कुठे. लॉगमध्ये एक ओळ जरी गायब असली तरी खालचा सगळा डेटा संशयास्पद होतो.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला झालेला पोर्शे कारचा अपघात तुम्हाला आठवत असेल. दोन तरुण इंजिनिअर गेले. कार चालवणारा १७ वर्षांचा असल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्याचं रक्त अपघातानंतर कित्येक तासांनी घेतलं गेलं. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने अल्कोहोल संपवतं, त्यामुळे ८ तासांत १२० मिलिग्रॅम पुसलं जाऊ शकतं. पण पोलिसांचा आरोप त्याहून गंभीर आहे: सरकारी रुग्णालयात त्या मुलाचं रक्त फेकून देऊन कुपीत दुसऱ्याचंच रक्त भरलं गेलं. हे लक्षात आलं ते दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए ताडून पाहिल्यावर. प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे कोण दोषी यावर बोलायचं नाही. पण एवढं बघा, प्रयोगशाळेतलं कितीही महागडं मशीन या ठिकाणी काहीच करू शकत नाही. त्याला दिलेलं रक्त ते अचूक तपासेल आणि अचूकपणे चुकीचं उत्तर देईल. चुकीचा इनपुट, चुकीचा आउटपुट.

प्रयोगशाळेच्या आत

महाराष्ट्रात हे नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांकडे जातात. मुख्यालय मुंबईत कालिनाला. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर, नांदेड अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा. हे सगळं गृह विभागाखाली येतं. बातम्यांमध्ये 'सीए रिपोर्ट' म्हणतात तो इथला, सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर. (आमच्या ग्रुपवर एकाने हे ऐकून विचारलं होतं, "चार्टर्ड अकाउंटंटचा काय संबंध?")

रक्तातलं अल्कोहोल मोजायची जगभरची पद्धत म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी. बंद कुपीतलं रक्त कोमट करतात, वर जमलेली वाफ एका लांबलचक बारीक नळीतून सोडतात. वेगवेगळी रसायनं वेगवेगळ्या वेळी नळीच्या टोकाला पोचतात, शर्यतीसारखी. इथेनॉल कधी पोचतं ते माहीत असतं. चांगल्या प्रयोगशाळेत एकाच नमुन्याची शर्यत दोन वेगळ्या नळ्यांमधून लावतात, सोबत माहीत असलेलं दुसरं एक रसायन संदर्भासाठी घालतात, आणि प्रत्येक बॅचमध्ये अल्कोहोल अजिबात नसलेला एक नमुना आणि नेमकं प्रमाण माहीत असलेले काही नमुने मुद्दाम मिसळतात. त्यांचे आकडे चुकले तर पूर्ण बॅच रद्द. हे तंतोतंत युनिट टेस्टसारखं आहे: टेस्ट फेल, तर बिल्ड जात नाही.

ड्रग्जची गोष्ट जरा वेगळी, कारण तिथे दोन पायऱ्या असतात. पहिली झटपट चाचणी. यात अँटिबॉडी वापरतात, ती स्वस्त आणि वेगवान, पण कधीकधी मिळत्याजुळत्या रेणूला फसते. म्हणून पहिल्या पायरीचा 'पॉझिटिव्ह' हा फक्त संशय असतो. दुसरी पायरी मास स्पेक्ट्रोमेट्रीची, तिथे रेणूचे तुकडे करून त्याची ओळख पक्की करतात. पहिल्या पायरीवरच थांबून कुणाला नोकरी नाकारणं हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आता अनारशांबद्दल. हो, अनारसेच!

अमेरिकेत नोकरीला जाणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना जॉइन होण्याआधी लघवीची ड्रग टेस्ट द्यावी लागते. खसखस अफूच्याच बोंडात तयार होते, आणि बियांवर मॉर्फिनचा अंश चिकटलेला असू शकतो. खाल्ल्यावर नशा वगैरे काही होत नाही, पण लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमांत आधी मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमच्या वर मॉर्फिन सापडलं की पॉझिटिव्ह धरत. खसखस लावलेले पाव खाणारे लोक त्यात अडकायला लागले, म्हणून १९९८ पासून ही मर्यादा २००० करण्यात आली. बघा, आकडा एका सरकारी नियमात बदलला आणि त्याच माणसाची तीच लघवी पॉझिटिव्हची निगेटिव्ह झाली. प्रत्येक खासगी कंपनी हीच मर्यादा वापरते असं मात्र नाही. त्यामुळे दिवाळीच्या आसपास टेस्ट असेल तर अनारसे चार दिवस पुढे ढकला. आणि दुबईला जाताना तर डबा घरीच ठेवा, संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यावर बंदी आहे.

त्या अमेरिकी नियमांतली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ट्रक ड्रायव्हर, पायलट वगैरेंच्या सरकारी चाचणीत नमुना समोरच दोन बाटल्यांत विभागून दोन्ही सील करतात. पहिली पॉझिटिव्ह आली तर कळवल्यापासून ७२ तासांच्या आत तो माणूस दुसरी बाटली वेगळ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायची मागणी करू शकतो. आणि रिपोर्ट थेट मालकाकडे जात नाही, आधी एक डॉक्टर त्या माणसाशी बोलून काही औषध चालू आहे का हे विचारतो.

प्रयोगशाळेची परीक्षा कोण घेतं?

प्रयोगशाळांसाठी आयएसओ १७०२५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. कामाची पद्धत लिहिलेली आहे का, उपकरणांच्या कॅलिब्रेशनची साखळी राष्ट्रीय मानकापर्यंत जुळते का, काम करणारे लोक प्रशिक्षित आहेत का, चूक झाली तर नोंद करतात का, हे त्यात तपासतात. भारतात हे मानांकन एनएबीएल देतं, जे भारतीय गुणवत्ता परिषदेचा भाग आहे. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे मानांकन अख्ख्या प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही, एकेका चाचणीला मिळतं. दारावर एनएबीएलचा लोगो आहे म्हणजे तुमची ड्रग टेस्टही त्यात बसते असं नाही. चाचण्यांची यादी एनएबीएलच्या साइटवर बघता येते.

आपल्याकडे अडचण अशी की पोलीस आणि सरकारी प्रयोगशाळा दोन्ही गृह विभागाच्याच घरात. तपास करणारा आणि तपासून देणारा एकाच छताखाली. यात लगेच काळंबेरं आहे असं नाही, पण बाहेरच्या कुणीतरी अधूनमधून येऊन वह्या उघडून बघणं त्यामुळेच जास्त गरजेचं ठरतं. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३२९ (आधीच्या सीआरपीसीमधलं २९३) सांगतं की सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून चालतो. न्यायालयाला वाटलं तर बोलावता येतं, पण सहसा कागदच बोलतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली 'मेलेंडेझ-डियाझ' खटल्यात नेमकं उलट सांगितलं: अहवाल वापरायचा तर तो करणारा उलटतपासणीला हजर हवा. २०११ मध्ये 'बुलकमिंग' खटल्यात तर प्रश्न थेट रक्तातल्या अल्कोहोलचा होता. चाचणी करणारा विश्लेषक बिनपगारी रजेवर पाठवलेला, म्हणून सरकारने प्रयोगशाळेतला दुसराच विश्लेषक साक्षीला आणला. न्यायालय म्हणालं, चालणार नाही. मशीन आकडा देतं हे खरं, पण सील शाबूत होतं का, नमुना त्याच माणसाचा होता का, हे मशीन सांगत नाही.

एक थर्मामीटर आणि २०,६६७ चाचण्या

नियम पाळले नाहीत तर काय होतं याची सगळ्यात बोलकी गोष्ट न्यू जर्सी राज्यातली. तिथे पोलीस ठाण्यात ठेवायचं जर्मन बनावटीचं ड्रॅगर कंपनीचं अल्कोटेस्ट यंत्र वापरात आलं. पकडल्या गेलेल्या लोकांच्या वकिलांनी मागणी केली, "आम्हाला त्या यंत्राचा सोर्स कोड दाखवा." कंपनीचं म्हणणं, तो गुपित आहे. शेवटी दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी कोड तपासला. २००८ च्या 'स्टेट विरुद्ध चुन' निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने यंत्र एकंदरीत विश्वासार्ह मानलं, पण एक खरीखुरी चूकही मान्य केली: तिसऱ्यांदा फुंकर घ्यावी लागली तर बफर ओव्हरफ्लोमुळे छापील निकाल चुकू शकत होता. ती दुरुस्त करायला सांगितलं, आणि कॅलिब्रेशन वर्षातून एकदा पुरणार नाही, दर सहा महिन्यांनी करा असंही बजावलं.

कोडमधला बग एवढाच. पुढे सगळा घोळ झाला तो साध्या थर्मामीटरवरून.

कॅलिब्रेशन करताना अल्कोहोल मिसळलेलं पाणी बरोबर ३४ अंश सेल्सिअसला ठेवून त्याची वाफ यंत्राला देतात, खोटा श्वास म्हणून. तापमान एका अंशाने चुकलं तर वाफेतलं अल्कोहोल साधारण साडेसहा टक्क्यांनी बदलतं. म्हणून राष्ट्रीय मानकाशी जुळवलेल्या वेगळ्या थर्मामीटरने ते तपासून मगच पुढे जायचं, अशी पायरी ठरलेली होती. कॅलिब्रेशन करणाऱ्या एका पोलीस सार्जंटने ही पायरी गाळली, पण केल्याची सही मात्र केली, असा आरोप झाला. २०१८ च्या 'स्टेट विरुद्ध कॅसिडी' निकालात न्यायालयाने त्या पायरीशिवाय कॅलिब्रेट केलेल्या यंत्रांचे निकाल पुरावा म्हणून बाद ठरवले. असे निकाल होते २०,६६७. त्यातले कित्येक खरोखर दारू पिऊन गाडी चालवणारे असणार. कित्येक नसणार. कोण कुठला, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्यात प्रकार अजून वाईट. तिथे यंत्रं तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे २०१४ पर्यंत कॅलिब्रेशनची लेखी पद्धतच नव्हती, आणि फेल झालेल्या कॅलिब्रेशनचे शेकडो कागद वकिलांना दिलेच गेले नाहीत. २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०११ ते एप्रिल २०१९ मधले यंत्राचे निकाल बाद केले. सुमारे २७,००० लोकांवर याचा परिणाम झाला. हे कार्यालय पुन्हा रुळावर आलं ते आयएसओ १७०२५ चं मानांकन मिळवल्यावरच.

आपल्याकडेही असं घडलंय, फक्त खेळाच्या मैदानात. दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेची मान्यता वाडाने, म्हणजे जागतिक उत्तेजक विरोधी संस्थेने, ऑगस्ट २०१९ मध्ये निलंबित केली. ती पूर्ववत व्हायला डिसेंबर २०२१ उजाडलं. तोपर्यंत आपल्या खेळाडूंचे नमुने परदेशी पाठवावे लागत होते.

आणि मोबाइलला जोडायचं ते गॅजेट?

हे विचारणारे मेसेज आम्हाला दर डिसेंबरला येतात. उत्तर म्हणून ब्रेदोमीटरची गोष्ट सांगतो. २०१३ साली अमेरिकेच्या शार्क टँकमध्ये हे आलं. फोनच्या हेडफोन जॅकमध्ये खोचायचं, फुंकायचं, अ‍ॅपवर आकडा. पाचही शार्कनी मिळून १० लाख डॉलर लावले. जाहिरातीत सरकारी प्रयोगशाळेच्या दर्जाची तपासणी झाल्याचा दावा होता. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली: तशी पुरेशी तपासणी झालीच नव्हती, आणि नवं मॉडेल प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतं हे कळूनही विक्री चालू होती. तडजोडीत ग्राहकांना पैसे परत करायचं ठरलं. विक्री झाली होती ५१ लाख डॉलरची.

कमी आकडा दाखवणं हे जास्त दाखवण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. अ‍ॅपने '२४' दाखवलं म्हणून गाडी काढणारा माणूस रस्त्यावर येतो. ऑनलाइन हजार-बाराशेला मिळणाऱ्या यंत्रांत बहुतेकदा सेमीकंडक्टर सेन्सर असतो. तो परफ्यूम, सॅनिटायझर, कसलीही वाफ पकडतो, आणि काही महिन्यांत भरकटतो. त्याला परत कॅलिब्रेट करून देणारं कुणी नसतं. खेळणं म्हणून घ्या, गाडीची चावी त्याच्या हातात देऊ नका. प्यायला असाल तर कॅब करा, यंत्र काहीही म्हणो.

उद्या नाकाबंदीवर न पिता आकडा आलाच तर भांडू नका. तोंडात काय होतं ते लगेच सांगा: थेंब, माउथवॉश, खोकल्याचं औषध. पाण्याने चूळ भरून १५ मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यायची शांतपणे विनंती करा. प्रिंट मिळत असेल तर त्याचा फोटो काढा, वेळ आणि यंत्राचा नंबर दिसेल असा. आणि रक्त घ्यायची वेळ आली, तर डॉक्टरच्या हातातल्या बोळ्याला स्पिरिटचा वास येतो का ते आधी बघा.